आधी वाट, मग बैठक
लहान जागेतील कार्यक्रमाची आखणी : एक अभ्यासपाठ



आपल्या वस्तीत वर्षभर कार्यक्रम चालू असतात. १४ एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा, आषाढीपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास आणि त्यातील ग्रंथवाचन, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरची अभिवादन सभा. याशिवाय नामकरण, मंगलपरिणय आणि पुण्यानुमोदन आहेच. प्रत्येक कार्यक्रमाआधी कार्यकारिणीची बैठक होते. वक्ता कोण, अध्यक्ष कोण, पत्रिकेत नावे कोणत्या क्रमाने, यावर तास-दोन तास चर्चा होते. मात्र आलेली माणसे बसणार कुठे, उठणार कशी आणि प्रसंग आला तर बाहेर पडणार कुठून, हा विषय बहुधा मंडपवाला बांबू घेऊन आल्यावरच निघतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. मग मंडपवाला ठरवेल ती आखणी आणि आपण बसू तशी बैठक!

जोगेश्वरीत मोकळे मैदान मिळणे कठीण आहे. आपले बहुतेक कार्यक्रम दोन चाळींमधल्या चौकात, गल्लीच्या तोंडाशी किंवा विहाराच्या लहानशा सभागृहात होतात. जागा वाढविणे आपल्या हाती नाही. परंतु आहे त्या जागेची आखणी करणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. ती कशी करावी, हे या पाठात क्रमाने पाहू. कागद, पेन्सिल, मोजपट्टी आणि साधा गुणाकार-भागाकार एवढ्यावर हे काम होते. विद्यार्थ्यांनी तर ते आवर्जून शिकावे.

१. जागेचा प्रश्न आपल्याला नवा नाही

आपल्या चळवळीच्या इतिहासात कोण कुठे बसणार, हा प्रश्न पहिल्यापासून आहे. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. वर्ग तोच, शिक्षक तेच. पण बसण्याची जागा वेगळी. त्या जागेनेच त्या मुलाला त्याची समाजातील पायरी रोज सांगितली जात होती.

पुढे मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबर १९२७ मध्ये तेथेच दुसरी परिषद भरली. त्या परिषदेच्या मंडपासाठी गावात कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली आणि परिषद पार पडली. जागा मिळणे हीच तेव्हा लढाई होती.

म्हणून आपल्या कार्यक्रमात कोणाला कुठे बसविले जाते, ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही. व्यासपीठावर समतेचे भाषण चालू आहे आणि म्हातारी आजी तीन तास गटाराच्या कडेला उभी आहे, असे दृश्य असेल तर लोक भाषणापेक्षा त्या दृश्यावर अधिक विश्वास ठेवतील. आखणी हेही एक भाषणच आहे. ते वक्ता बोलायला उभा राहण्यापूर्वीच ऐकू आलेले असते.

२. लेण्यांनी दिलेला धडा

ही विद्या आपल्याला परक्याकडून आणावी लागत नाही. जोगेश्वरीहून जवळच, अंधेरी पूर्वेस महाकाली म्हणजे कोंदिविटे येथील बौद्ध लेणी आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. सहलीला गेल्यावर आपण मूर्ती पाहतो, फोटो काढतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा जमीन पाहा. कोठे बसायचे आणि कोठून चालायचे, हे त्या कारागिरांनी दगडात कसे ठरवून ठेवले आहे ते पाहा.

लोणावळ्याजवळील कार्ल्याचे चैत्यगृह याचा उत्तम नमुना आहे. ते सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. टोकाला स्तूप. मधला रुंद भाग सभेसाठी मोकळा. दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा आणि खांब व भिंत यांच्यामध्ये चालण्याची अरुंद वाट. ही वाट स्तूपाच्या मागून वळून दुसऱ्या बाजूने परत येते. दर्शनी भिंतीला दरवाजे तीन : मधला सभागृहात नेणारा, बाजूचे दोन त्या दोन वाटांवर उघडणारे. याचा अर्थ असा की मधे वंदना चालू असतानाही एखादा उपासक कोणाला न ओलांडता डाव्या वाटेने जाऊन, स्तूपाला प्रदक्षिणा घालून उजव्या वाटेने बाहेर पडू शकत होता. बसणारे आणि चालणारे यांची सरमिसळच होत नव्हती. उजेडासाठी दरवाजांच्या वर मोठी कमान, म्हणजे प्रकाश बसलेल्यांच्या पाठीकडून येऊन स्तूपावर पडे. कोणाच्या डोळ्यांवर तिरीप नाही.

कान्हेरीच्या ११ क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला दरबार लेणे म्हणतात, सभागृहाच्या मधोमध दोन लांब, बुटके दगडी बाक कोरलेले आहेत. समोरासमोर रांगा धरून बसण्याची ती सोय आहे. आपली पंगत त्याहून वेगळी काय असते?

विनयपिटकातील चुल्लवग्गात दब्ब मल्लपुत्र या भिक्खूची हकीगत येते. भिक्खूंची निवासव्यवस्था आणि भोजनाची वाटणी ही दोन कामे संघाने त्यांच्याकडे सोपविली होती. ते सरसकट जागा वाटत नसत. सुत्त पाठ करणाऱ्यांना एकत्र, विनयाची चर्चा करणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र अशी व्यवस्था लावत, म्हणजे एकाचा दुसऱ्याला व्यत्यय होऊ नये. ज्याची जशी गरज तशी त्याची जागा, हे तत्त्व त्यांनी पाळले. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमला होता. आपल्याही समितीत ‘जागाप्रमुख’ असा एक कार्यकर्ता नेमून त्याच्याकडे केवळ हेच काम द्यावे.

या दोन धड्यांतून आपल्याला एक नियम मिळतो : आधी वाट आखा, मग बैठक. उरलेल्या जागेतून वाट काढायची नाही. वाट काढून उरलेल्या जागेत बसायचे.

३. मोजणी

कार्यक्रमाच्या किमान आठ दिवस आधी जागाप्रमुखाने दोघा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जागा मोजावी. नजरेच्या अंदाजावर जाऊ नये, कारण रिकामी जागा नेहमी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. पुढील गोष्टी टिपून घ्याव्यात :

(अ) लांबी आणि रुंदी, फुटांत. रुंदी तीन ठिकाणी मोजावी. चाळीचे ओटे पुढे-मागे असतात.
(आ) बाहेर पडण्याच्या वाटा किती आणि प्रत्येकीची रुंदी किती. मागची चिंचोळी गल्लीसुद्धा वाटच आहे.
(इ) घरांचे दरवाजे कोठे उघडतात, नळ कोठे आहे, गटाराची झाकणे कोठे आहेत, उतार कोणीकडे आहे.
(ई) डोक्यावरून विजेच्या तारा जातात का.
(उ) कोणत्या घरात आजारी माणूस, बाळंतीण किंवा परीक्षेचा विद्यार्थी आहे.

हे सर्व कागदावर प्रमाणात काढावे. १ सेंटिमीटर म्हणजे २ फूट हे प्रमाण सोयीचे पडते. ५५ फुटांचा चौक साडेसत्तावीस सेंटिमीटरमध्ये बसतो, म्हणजे एका फुलस्केप कागदावर मावतो. मग व्यासपीठ, सतरंजी, टेबल यांच्या त्याच प्रमाणातील चिठ्ठ्या कापून कागदावर सरकवून पाहाव्यात. कागदावर चिठ्ठी सरकविणे सोपे. भरल्या मंडपात टेबल सरकविणे अवघड.

४. हिशेब : २८६ की १०८?

आता एक उदाहरण सोडवू. समजा, दोन चाळींमधला चौक २६ फूट रुंद आणि ५५ फूट लांब आहे. दक्षिणेला तो मुख्य गल्लीकडे उघडतो. उत्तरेला भिंत आहे. पण ईशान्य कोपऱ्यात साडेतीन फुटांची बोळ आहे.

मांडी घालून बसणाऱ्या माणसाला साधारण २ फूट रुंदी आणि अडीच फूट खोली लागते, म्हणजे ५ चौरस फूट. चौकाचे क्षेत्रफळ २६ × ५५ = १४३० चौरस फूट. १४३० ला ५ ने भागले की उत्तर येते २८६. ‘आरामात अडीचशे माणूस बसेल’ असे जे आपण बैठकीत म्हणतो, ते याच भागाकारावर. यात वाट नाही, व्यासपीठ नाही, चपला नाहीत, पाण्याचा पिंपही नाही.

आता वाटेपासून सुरुवात करू.

रुंदी २६ फूट. दोन्ही चाळींच्या दारांसमोर ४-४ फूट मोकळे ठेवले. उरले १८ फूट. माणशी २ फूट धरले तर एका रांगेत ९ जण.

लांबी ५५ फूट. उत्तरेला व्यासपीठासाठी ८ फूट. त्यापुढे पुष्प अर्पण करण्यासाठी ४ फूट. मग सतरंजीच्या बैठकीला २० फूट. अडीच फुटांची एक रांग, म्हणजे ८ रांगा. त्यानंतर आडवी वाट ३ फूट. मग खुर्च्यांसाठी १२ फूट. ३ फुटांना एक रांग, म्हणजे ४ रांगा. शेवटी प्रवेश, चपला आणि पाणी यांसाठी ८ फूट. बेरीज करून पाहा : ८ + ४ + २० + ३ + १२ + ८ = ५५.

सतरंजीवर ८ × ९ = ७२. खुर्च्यांवर ४ × ९ = ३६. एकूण १०८.

२८६ आणि १०८ यांतील फरक १७८ आहे. ही १७८ माणसे आपण प्रत्येक वेळी कागदावर बोलावतो आणि प्रत्यक्षात एकमेकांच्या अंगावर बसवतो. जागा लहान म्हणून गर्दी होते असे आपण मानतो. खरे पाहता गर्दी आपल्या चुकीच्या भागाकारातून होते.

कोणी विचारील, मधोमध एक वाट ठेवली तर? तेही करून पाहू. मधली वाट ४ फूट, दारांसमोर ३-३ फूट, म्हणजे १० फूट गेले. उरले १६, रांगेत ८ जण, १२ रांगांत ९६. म्हणजे मधल्या वाटेने १२ जागा कमी होतात, रहिवाशांच्या दारासमोरची वाटही अरुंद होते आणि वक्त्यासमोरची सर्वात चांगली जागा रिकामी राहते. अरुंद आणि लांब जागेत कार्ल्याचीच पद्धत बरी : मधे बैठक, कडेला वाट. रांगेत नऊच जण असल्याने मधल्या माणसालाही चौघांपेक्षा अधिकांना ओलांडावे लागत नाही.

दीडशे माणसे येणार असतील तर? तर जागेऐवजी वेळ वाढवावी. अभिवादन सकाळी सात ते नऊ खुले ठेवावे आणि सभा सायंकाळी घ्यावी. मुलांच्या स्पर्धा आदल्या दिवशी घ्याव्यात. चाळीतील बिऱ्हाडांना आपापल्या ओट्यावर बसून ऐकता यावे म्हणून लहान कर्णा तिकडे वळवावा. सर्वांना एकाच जागी एकाच वेळी आणण्याचा हट्ट नसावा.

५. कोणाला कुठे बसवावे

पहिली गोष्ट सोफ्याची. तीन जणांचा सोफा ६ फूट लांब, ३ फूट खोल. त्यापुढे टीपॉय आणि पाय ठेवायला २ फूट. एकूण ६ × ५ = ३० चौरस फूट. म्हणजे तीन मान्यवरांसाठी आपण सहा माणसांची जागा घेतो, शिवाय मागच्या दोन रांगांची दृष्टी अडवितो. पाहुण्यांचा मान राखायचा तर त्यांना व्यासपीठावर किंवा साध्या खुर्चीवर बसवावे. पूज्य भन्तेजींचे आसन मात्र इतरांपेक्षा थोडे उंच आणि स्वतंत्र असावे. तो मान धम्माचा आहे आणि त्याला जागाही फार लागत नाही.

व्यासपीठाची उंची दीड ते दोन फूट पुरे. लोक जमिनीवर बसलेले असताना चार फुटांचे व्यासपीठ बांधले की पुढच्या रांगेतील मुलांच्या माना दुखतात आणि त्यांना वक्त्याचे केवळ बूट दिसतात.

सतरंजी पुढे आणि खुर्च्या मागे, हा क्रम मोडू नये. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना खुर्ची लागतेच. पण मागे बसल्याने ऐकू येत नाही अशी त्यांची तक्रार असते. त्यासाठी खुर्च्यांची पहिली रांग त्यांच्यासाठी राखावी. आपल्या आखणीत या रांगेपुढे तीन फुटांची आडवी वाट असल्याने त्यांना उठणे-बसणे सोपे जाते. तान्ही मुले असलेल्या माता सतरंजीच्या कडेला, वाटेलगत बसाव्यात. मूल रडले तर संकोच न करता उठता येते. टिपणे घेणारे विद्यार्थी उजेडाखाली. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी आडव्या वाटेच्या टोकाशी चार फूट जागा आधीपासूनच मोकळी ठेवावी. ती व्यक्ती आल्यावर ‘जरा सरका, जरा सरका’ करावे लागले तर तो तिचा सन्मान नव्हे. दब्ब मल्लपुत्रांची व्यवस्था ती हीच.

६. अभिवादनाची रांग

आपल्या कार्यक्रमात सर्वात मोठी गर्दी भाषणाच्या वेळी होत नाही. त्रिसरण-पंचशील झाल्यावर ‘आता उपस्थितांनी पुष्प अर्पण करावे’ अशी घोषणा होते, तेव्हा होते. सगळे एकदम उठतात. पुढे जाणारे आणि परत येणारे एकाच वाटेवर भिडतात आणि त्या गर्दीतच मेणबत्त्या पेटलेल्या असतात.

उपाय सोपा आहे. व्यासपीठाकडे तोंड केले असता डाव्या कडेच्या वाटेने जायचे, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोरून पुढे सरकायचे आणि उजव्या कडेच्या वाटेने परत यायचे. प्रतिमेमागे जागा नसल्याने ही पूर्ण प्रदक्षिणा होत नाही, परंतु चालण्याची दिशा एकच राहते. उठायचे तेही रांगेने : पहिली रांग परत बसू लागली की दुसरीने उठायचे. प्रत्येकाला दहा सेकंद धरले तर १०८ जणांना १०८० सेकंद, म्हणजे १८ मिनिटे लागतात. दोघे-दोघे गेले तर ९ मिनिटे. सूत्रसंचालकाने हे आधी सांगितले की लोक शांतपणे थांबतात. बँकेच्या काउंटरवर अनेक वर्षे काम केल्यावर एवढे सांगू शकतो की माणसे थांबायला नाराज नसतात. आपला नंबर येणार की नाही हे कळत नसले की नाराज होतात.

७. भोजनदान आणि खीरदान

स्वयंपाक आणि गॅसचे सिलिंडर मंडपात कधीही नसावेत. जेवण बाहेर शिजवून झाकून आणावे. वाढण्याचे टेबल दक्षिणेच्या मोकळ्या टोकाला, वाटेच्या बाहेर ठेवावे. रांगेचा क्रम : आधी पत्रावळी, मग पदार्थ, शेवटी पाणी. उष्ट्याची बादली पाण्याच्याही पुढे, आणि तीही दोन. बादली टेबलाशेजारी ठेवली की खाऊन झालेले आणि घ्यायला आलेले यांची पुन्हा टक्कर होते.

पंगत बसवायची असेल तर वेगळा हिशेब लागतो. ताटासह माणसाला ४ फूट खोली हवी आणि दोन रांगांमध्ये वाढप्याला ३ फूट. १८ फूट रुंदीत अशा तीन रांगा होतात : ४ + ३ + ४ + ३ + ४ = १८. खुर्च्या उचलल्यावर ३५ फूट लांबी मिळते. माणशी दोन फूट धरले तर एका रांगेत १७. तीन रांगांत ५१. म्हणजे १०८ जणांच्या दोन पंगती आणि उरलेले व कार्यकर्ते मिळून तिसरी. पहिली पंगत मुलांची, वृद्धांची आणि लांबून आलेल्यांची.

८. वीज, आग आणि आवाज

येथे काही कटू घटनांची आठवण करणे भाग आहे.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली गावी एका शाळेचे वार्षिक पारितोषिक वितरण चालू होते. कृत्रिम कापडाच्या शामियान्याला आग लागली. बाहेर पडायला एकच दरवाजा. चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य मुले होती. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ प्रेक्षक गेले. तेथे जादा खुर्च्या बसविण्यासाठी बाहेर पडण्याची वाट अडविली होती, हे नंतर न्यायालयांपुढे आले. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली. वाटेच्या दुतर्फा दुकाने होती आणि पुढे आगही लागली. अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले.

तिन्ही ठिकाणी लोक आनंदाने किंवा श्रद्धेने जमले होते. एके ठिकाणी वाट एकच होती, दुसऱ्या ठिकाणी खुर्च्यांनी ती खाल्ली, तिसऱ्या ठिकाणी दुकानांनी ती आवळली. आपला कार्यक्रम शंभर माणसांचा आहे म्हणून हा धोका लहान होत नाही. गल्ली जेवढी अरुंद, तेवढी चूक महाग.

म्हणून पुढील नियम पाळावेत :

(अ) ईशान्येची बोळ बॅनरने, कनातीने किंवा व्यासपीठाच्या पाठीने बंद करू नये. तेथे एक कार्यकर्ता उभा असावा.
(आ) विजेच्या तारांखाली मंडप घालू नये आणि कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत. तात्पुरत्या मंडपांबाबत भारतीय मानक संस्थेने घालून दिलेल्या शिफारशींतही हे सांगितलेले आहे.
(इ) वायर जमिनीवरून नेऊ नये. डोक्याच्या वरून, बांबूला बांधून न्यावी. जोड उघडे नसावेत. काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.
(ई) मेणबत्त्या आणि अगरबत्त्या वाळू भरलेल्या परातीत लावाव्यात. कापडापासून तीन फूट लांब. शेजारी पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या असाव्यात. विजेने लागलेल्या आगीवर पाणी मारू नये. आधी मुख्य बटण बंद करावे. ते बटण कोठे आहे हे निदान चौघांना ठाऊक हवे.
(उ) खुर्च्या चार-चार एकमेकींना बांधाव्यात, म्हणजे धावपळीत त्या आडव्या पडून वाट अडत नाही.
(ऊ) अग्निशमन दलाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक मंडपाच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लावावेत.

ध्वनिक्षेपकाविषयी : पुढे एक मोठा कर्णा लावला की पहिल्या रांगेचे कान फुटतात आणि शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही. त्याऐवजी लहान दोन पुढे आणि दोन मधे लावावेत, आवाज कमी ठेवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. वर्षातील शासनाने ठरविलेल्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत असते. मंडपाची परवानगी महापालिकेच्या विभाग कार्यालयातून आणि ध्वनिक्षेपकाची पोलीस ठाण्यातून घ्यावी. अर्जासोबत आपला प्रमाणात काढलेला नकाशा जोडल्यास काम सोपे होते, असा अनुभव आहे.

९. शेजाऱ्यांची संमती

ज्या चौकात आपण मंडप घालतो तो काही घरांचा उंबरठा असतो. त्यांतली काही घरे आपली, काही इतर समाजाची. चार दिवस आधी प्रत्येक दारी जाऊन नकाशा दाखवावा : ‘आपल्या दारासमोर चार फूट वाट मोकळी राहील, नळावर जाता येईल, दहाला आवाज बंद होईल.’ आणि बोलल्याप्रमाणे वागावे. मैत्री म्हणजे केवळ गाथेतील शब्द नव्हे. शेजाऱ्याचे दार न अडविणे हीसुद्धा मैत्रीच.

१०. खाटेची कसोटी

सर्व आखणी झाल्यावर ती बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? त्यासाठी एकच कसोटी पुरे.

कार्यक्रमाच्या आदल्या सायंकाळी जमिनीवर फक्कीने रेघा आखाव्यात. दहा-पंधरा मुलांना रांगांच्या टोकांना बसवावे. मग चौघांनी एक खाट उचलावी आणि चाळीतल्या सर्वात आतल्या घराच्या दारापासून मुख्य गल्लीपर्यंत चालत जावे. कोणालाही न उठविता, कोठेही खाट तिरकी न करता ती बाहेर गेली तर आखणी पास. अडली तर ज्या वस्तूला ती अडली ती वस्तू हलवावी, मग तो पाहुण्यांचा सोफा असो, पुस्तकांचा स्टॉल असो की देणगीदाराच्या नावाची कमान.

त्या खाटेवर उद्या कोण असेल हे आज सांगता येत नाही. चक्कर आलेले आजोबा असतील, प्रसूतीच्या कळा सुरू झालेली सून असेल, कदाचित ज्याला आपला कार्यक्रमच मान्य नाही असा शेजारी असेल. त्या अनोळखी माणसासाठी आधी वाट ठेवायची आणि मग आपण बसायचे, एवढे झाले तर लहानशा चौकातही मोठा कार्यक्रम होतो.

स्वाध्याय

१. विहाराचे सभागृह २० × ३० फूट आहे. दोन्ही कडांना ३-३ फूट वाट, व्यासपीठाला ६ फूट, त्यापुढे ३ फूट आणि दाराशी ३ फूट मोकळे ठेवल्यास सतरंजीवर किती जण बसतील? (उत्तर ४९ यायला हवे. केवळ क्षेत्रफळाला ५ ने भागल्यास १२० येते. हा फरक कशाचा ते लिहा.)
२. आपल्या चाळीच्या चौकाचा १ सेंटिमीटर = २ फूट या प्रमाणात नकाशा काढा. बाहेर पडण्याच्या सर्व वाटा लाल पेन्सिलीने दाखवा.
३. कोंदिविटे किंवा कान्हेरीच्या चैत्यगृहास भेट द्या. बसण्याची जागा आणि चालण्याची वाट कोठे वेगळी होते, ते पावलांनी मोजून टिपा.
४. मागील वर्षी पाहिलेल्या कोणत्याही एका कार्यक्रमात खाटेची कसोटी घेतली असती तर खाट कोठे अडली असती? कारण द्या.
५. दब्ब मल्लपुत्रांनी आपल्या वर्षावासाच्या समारोपात बैठक लावली असती, तर कोणाला कुठे बसविले असते? दहा ओळींत लिहा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!